जागा किती?

उइटहॉर्न,
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय आत्या,

हे पत्र तू एकटीनं वाच. फोनवरच सांगितलं असतं, पण आमच्याकडे तुझा फोन आला की तो स्पीकरवर जातो, आणि तुमच्याकडे श्रीनिवासकाकांना कमी ऐकू येतं म्हणून तू प्रत्येक वाक्य त्यांना ओरडून सांगतेस. म्हणजे गुपित दोन्ही देशांत एकदमच फुटायचं. आठव्या वर्षापासून तू मला मराठीत पत्रं लिहायला लावलीस आणि ऱ्हस्व-दीर्घाला तांबड्या खुणा करून परत पाठवलीस, त्याचा पहिल्यांदाच काहीतरी उपयोग होतोय. या पत्रातल्या चुका मात्र मोजू नकोस. माझ्या बाकीच्या चुका पुरेशा आहेत.

तर गोष्ट अशी. हे माझं शाळेचं शेवटचं वर्ष. इकडे हॉलंडमध्ये दहापैकी मार्क देतात आणि दहा कुणालाच देत नाहीत. आमचे गणिताचे सर म्हणतात, दहा देवाचे, नऊ माझे, उरलेले तुमचे. आठ मिळाले तर लोक घरी केक आणतात. साडेपाचच्या खाली गेलात तर नापास. गेल्या वर्षी मला गणितात ७.८ होते. मग ६.४ झाले, मग ५.७, आणि परवा ४.६. मी आळशीपणा केला असं म्हणशील तर थोडासा केला. पण खरं सांगायचं तर सर फळ्यावर काय सिद्ध करतात ते मला आता कळेनासंच झालंय.

आई-बाबांना ६.४ पर्यंतच माहीत आहे. शाळेच्या अ‍ॅपवर पालकांना मार्क दिसतात, पण बाबा पासवर्ड विसरलेत आणि तो परत मिळवून द्यायचं काम त्यांनी माझ्यावरच सोपवलंय.

इकडे बाबा मराठी मंडळाच्या गणपतीत सगळ्यांना सांगून बसलेत की मृणू मोठ्या विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सला जाणार. मला कॉम्प्युटरचंच करायचंय, त्यात वाद नाही. पण तिथे जागा मोजक्या. जानेवारीच्या मध्यापर्यंत अर्ज, मग त्यांची परीक्षा, मग ते प्रत्येकाला एक रँक देतात. तू उभा जन्म इंजिनिअरिंग कॉलेजच्या अ‍ॅडमिशन सेक्शनमध्ये काढलास. आता मी काय करू ते सांग.

तुझी,
मृण्मयी


पुणे,
२३ नोव्हेंबर

चि. मृणू,

पत्र एकटीनं वाचलं. तुझे काका विचारत होते काय आलंय, मी म्हटलं विजेचं बिल. त्यांना ‘दिवाळीचा फराळ’ असं ऐकू आलं आणि ते डबा शोधत बसले.

४.६ हे दहापैकीच ना, अशी मी दोनदा खात्री करून घेतली. घाबरू नकोस. माझ्या खिडकीशी येऊन ढसाढसा रडलेल्या बापांची पोरं आज तुझ्या बाबासारख्यांना कामं सांगतात. तू फक्त मी सांगते तसं कर. आधी मला गेल्या तीन वर्षांचे कटऑफ पाठव. ‘तसा कटऑफ नसतो’ असलं काही लिहू नकोस. कटऑफ नसलेली अ‍ॅडमिशन मी जन्मात पाहिली नाही. मग जेवढे पर्याय भरता येतात तेवढे सगळे भर. रिकामा रकाना म्हणजे वाया गेलेली जागा, हे मी माझ्या टेबलावर लिहून लावलं होतं.

आणि कॉलेज बघायला जाशील तेव्हा स्टेजवरचं भाषण ऐकू नकोस. सरळ कँटीनमध्ये जाऊन बस आणि शेजारच्या टेबलावरची पोरं काय बोलतात ते ऐक. मार्कांबद्दल बोलत असतील तर कॉलेज नावाजलेलं. शिकवलेल्या गोष्टीवरून भांडत असतील तर चांगलं. हे नियमात कुठे लिहिलेलं नाही, पण माझा अंदाज कधी चुकला नाही.

तुझ्या बाबाला, प्रकाशला, एवढ्यात काही बोलू नकोस. त्याचा जीव लहान. बारावीच्या निकालाच्या दिवशी तो गच्चीवर लपून बसला होता आणि त्याला ब्याऐंशी टक्के होते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आमच्या बी विंगमधला अनिमेषही यंदा बारावीला आहे. त्याची आई शलाका हल्ली लिफ्ट सोडून जिन्यानं तिसरा मजला चढते, कारण लिफ्टमध्ये भेटेल तो मार्क विचारतो. मीही विचारते, पण हळू आवाजात.

भाजणी आणि गणिताचे जुने पेपर पाठवतेय. भाजणी आईला दे.

तुझी आत्या,
मेधा


उइटहॉर्न,
११ जानेवारी २०२६

प्रिय आत्या,

भाजणीची थालीपिठं झाली. पेपरांचं नंतर बोलू.

तुझ्या सांगण्याप्रमाणे सगळं केलं. आधी बाबांबरोबर त्या मोठ्या विद्यापीठात गेले. तिथे मंडळातले निम्मे बाबा लोक भेटले. सगळ्यांनी एकसारखी काळी जॅकेटं घातलेली आणि सगळे एकमेकांना ‘अरे, तू पण?’ म्हणत होते, जसं काही योगायोगानं भेटलेत. प्रश्नोत्तरं सुरू झाल्यावर आपल्या बाबांनी पहिला हात वर केला आणि एकामागून एक असे विचारले की बाई म्हणाल्या, सर, दुसऱ्यांनाही बोलू द्या. मी कँटीनमध्ये बसले. शेजारची मुलं कुणाला किती मार्क पडले ते बोलत होती. म्हणजे नावाजलेलं.

आता दुसरी गोष्ट. ती वाचताना बसून घे. मी घरी मैत्रिणीकडे, संहिताकडे, अभ्यासाला जाते असं सांगून एकटी ट्रेननं युट्रेख्टला गेले. तिथे एक होखेस्खोल आहे. इकडे विद्यापीठांच्या जोडीला ही एक दुसरी तऱ्हा असते, त्यात कमी सिद्ध करायचं आणि जास्त बनवायचं असतं. एक दिवस बसून पाहू देतात. आम्हा चौघांना त्यांनी गोळ्यांची एक डबी दिली. वेळ झाली की ती ‘टिंग’ करते. आणि वृद्धाश्रमातल्या एक आजी बोलावल्या होत्या, त्या ती डबी वापरतात. आजी म्हणाल्या, ‘ही इतकं हळू बोलते की मला वाटतं लाजतेय.’ बाकीचे आवाज मोठा करायला लागले. मी आजींना विचारलं, तुम्ही दिवसात काय कधीच विसरत नाही? म्हणाल्या, कॉफी. मग मी असं केलं की डबी उघडल्याशिवाय कॉफीचं मशीन चालूच होणार नाही. आजींनी मला डच भाषेतली एक शिवी दिली आणि मग गालाचा पापा घेतला.

आत्या, मी संध्याकाळी ट्रेनमध्ये एकटीच हसत होते. शेजारचा माणूस उठून दुसरीकडे बसला.

दोन्हीकडे अर्ज भरलाय. विद्यापीठाची परीक्षा फेब्रुवारीत, रँक एप्रिलच्या मध्यावर. गणितात परवा ५.२.

तुझी,
मृण्मयी


पुणे,
१९ जानेवारी

चि. मृणू,

ते कॉलेजचं नाव मी उच्चारून पाहिलं तर तुझ्या काकांनी पाण्याचा पेला आणून दिला.

मी तुला स्पष्टच सांगते, तो डिप्लोमा आहे. नाव काहीही ठेवा. आपल्याकडेही दहावीनंतर पोरं जातात, चांगली असतात, पण तू देवस्थळ्यांची मुलगी आहेस. घोडं असताना गाढवाकडे बघायचं कशाला? आजी, कॉफी, पापा हे सगळं ऐकायला गोड आहे. उद्या तुझ्या पदवीवर पापा छापणार आहेत का?

पहिली पसंती विद्यापीठ. ती परीक्षा मन लावून दे. पेपर सोडवायला घे. घोडामैदान जवळच आहे. रँक आला की प्रकाशच्या आधी मला कळव.

त्या म्हाताऱ्या बाई खरंच रोज गोळ्या विसरायच्या का? सहज विचारते.

आत्या


उइटहॉर्न,
२० मार्च

प्रिय आत्या,

काल पाडवा झाला. बाबांनी नेहमीप्रमाणे वरच्या खिडकीखाली झेंड्यासाठी जी खोबण असते तिच्यात गुढी उभी केली. आईची जांभळी पैठणी, साखरेची गाठी, वर तांब्या. कडुनिंब इकडे मिळत नाही म्हणून आईनं तमालपत्र बांधलं, देवाला चालतं म्हणाली.

थोड्या वेळानं शेजारच्या रीयाबाई फुलांचा गुच्छ घेऊन दारात उभ्या. आईला मिठी मारून म्हणाल्या, अभिनंदन, पण इतक्या लवकर कसा निकाल लागला? आम्हाला काही कळेना. मग उलगडलं. इकडे शाळेची शेवटची परीक्षा पास झालं की मूल आपलं दप्तर झेंड्याच्या काठीला बांधून घराबाहेर टांगतं. सगळ्या गल्लीला कळतं की या घरातलं कुणीतरी पास झालं. आमच्या आधीच्या गल्लीत सगळी घरं म्हाताऱ्यांची होती, त्यामुळे आम्ही हे कधी पाहिलंच नव्हतं. रीयाबाईंना वाटलं, भारतात दप्तराऐवजी तांब्या टांगत असतील.

आई खूप हसली आणि म्हणाली, जूनमध्ये आम्हीही टांगू, मृणूचं. बाबा म्हणाले, ही काठी जरा लहान पडेल, मोठी आणतो. आणि मी हातात कडुनिंबाऐवजी तमालपत्र घेऊन उभी होते आणि मला रडू येत होतं. मी पास होईन की नाही हेच मला माहीत नाही, आत्या, आणि बाबा मोठी काठी आणायला निघालेत.

विद्यापीठाची परीक्षा दिली. कशी गेली ते विचारू नकोस.

मृण्मयी


उइटहॉर्न,
१५ एप्रिल

आत्या,

रँक आला. १०४७.

आता रसायनशास्त्राच्या पेपरला आत जातेय, म्हणून हे फोनवरूनच पाठवतेय. आई-बाबांना अजून सांगितलेलं नाही. नंतर नीट लिहिते.

मृ.


पुणे,
१६ एप्रिल

माझ्या सोन्या, मृणू,

एक हजार सत्तेचाळीस! सबंध देशात! अगं, माझ्या अख्ख्या नोकरीत आमच्या कॉलेजात देशातून पाच हजारांच्या आत आलेला एकच मुलगा आला होता आणि तोही चुकून. मी तुझा मेसेज वाचला आणि मोठ्यानं ओरडले, इतकं की तुझ्या काकांना पहिल्या झटक्यात ऐकू आलं.

लगेच चितळ्यांचे पेढे आणले आणि ए, बी आणि सी तिन्ही विंगमध्ये वाटले. आमच्या सोसायटीचा चेअरमन दामोदर म्हणाला, मेधाताई, अशी मुलगी आपल्या सोसायटीची नात असताना नुसते पेढे? त्यानं आजच गेटवर फ्लेक्स लावला. ‘हार्दिक अभिनंदन! कु. मृण्मयी प्रकाश देवस्थळी, हॉलंड देशात १०४७ वा क्रमांक! शुभेच्छुक : समस्त रहिवासी.’ फोटो तुझा लहानपणीचा परकर-पोलक्यातला लावलाय. दात पडलेला दिसतो, पण आता इलाज नाही. सगळे थांबून वाचतात. बी विंगच्या शलाकानंही वाचला आणि मान खाली घालून जिन्यानं वर गेली, बिचारी. तिला पेढा द्यायचा राहिला.

मला माहितीये प्रकाशला एवढ्यात सांगायचं नाही असं आपलं ठरलं होतं. पण आता चांगलीच बातमी आहे, तर म्हटलं एवढी लपवाछपवी कशाला. फ्लेक्सचा फोटो आत्ताच त्याला पाठवला. बघ कसा उड्या मारतो.

तुझीच,
आत्या


उइटहॉर्न,
१८ एप्रिल

प्रिय आत्या,

जागा साडेपाचशे आहेत.

हेच आधी लिहायला हवं होतं. इकडे रँक म्हणजे रांग. साडेपाचशे जण आत जातात, थोडे नको म्हणतात, रांग फार तर सातशेपर्यंत सरकते. मी हजाराच्या पलीकडे आहे. माझ्या मागे फारसं कुणी नाहीये, आत्या.

हे बाबांना माहीत होतं, कारण विद्यापीठात सगळ्यांसमोर पहिला हात वर करून ‘जागा किती?’ असं त्यांनीच विचारलं होतं. तुझा फोटो आला तेव्हा ते वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होते. ते खाली आले आणि फोन माझ्यापुढे धरला. त्यात मी, दात पडलेली. म्हणाले, हा आकडा खरा आहे का? मी हो म्हटलं. ते खुर्चीवर बसले. म्हणाले, ‘तू ताईला सांगितलंस. मला नाही.’ ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग आई कामावरून आली. ती गेमेंटेमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, कामाला लागल्यापासून फार शांत झालीये. तिनं पहिला प्रश्न विचारला, पासवर्ड काय आहे? सगळे मार्क जेवणाच्या टेबलावर उघडले. ४.६ वर बाबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आकडा तोच राहिला. मग मी युट्रेख्टचंही सांगितलं, आजींसकट. बाबा म्हणाले, ‘म्हणजे डिप्लोमा?’ तुम्ही दोघं सख्खी भावंडं आहात यात शंका नाही. आई म्हणाली, आमच्या ऑफिसची सगळी सिस्टिम बसवणारी बाई तिथलीच आहे, आणि सिस्टिम बंद पडली की विद्यापीठवाले तिलाच फोन करतात.

बाबा येत्या शनिवारी माझ्याबरोबर युट्रेख्टला येतो म्हणालेत, ‘नुसतं बघायला’. एक मेपर्यंत ठरवायचंय.

मला वाटलं होतं लाज वाटेल. तशी वाटली नाही, हलकं वाटलं. लाज फक्त त्या फ्लेक्सची वाटते, आणि ती तुझ्यासाठी. शेवटी बाबा म्हणाले, ताईला कोण सांगणार? आम्ही तिघांनीही एकमेकांकडे बोट दाखवलं. म्हणून मी लिहितेय. रागावू नकोस.

मृण्मयी


उइटहॉर्न,
२ मे

प्रिय आत्या,

तुझं पत्र नाही. फोन काका उचलतात आणि ‘हो हो, पाऊस नाही अजून’ म्हणून ठेवतात. बाबा म्हणतात, ताई गप्प बसलीये असं आयुष्यात पहिल्यांदाच होतंय.

ठरलं. युट्रेख्टचं होखेस्खोल. काल नाव पक्कं केलं.

बाबांना मी तुझा नियम सांगितला. ते एका हातात चीज टोस्ट घेऊन कँटीनमध्ये अगदी परीक्षकासारखे बसले. शेजारी दोन मुलं नदीवरच्या पुलाचा सिग्नल कधी लाल व्हावा यावरून भांडत होती. बोट आली की सायकलवाल्यांना किती आधी थांबवायचं, असं काहीतरी. बाबांना राहवलं नाही. त्यांनी मध्ये तोंड घातलं आणि तुमचं चुकतंय म्हणून सांगितलं. त्यातल्या एकानं कागद पुढे ओढून बाबांचंच कसं चुकतंय ते दाखवलं. टोस्ट गार झाला. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, ‘त्यानं माझी चूक काढली आणि सॉरीही म्हणाला नाही.’ मी घाबरले. मग म्हणाले, ‘बरी आहेत पोरं.’

मंडळात मात्र त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही. गेल्या रविवारी झूटरमेरच्या जोशीकाकांनी विचारलं तर बाबा हवामानाबद्दल बोलायला लागले. मला ते लागलं. पण पास झाले नाही तर हेही सगळं फुकट, त्यामुळे सध्या फक्त अभ्यास. संहिता रोज येते आणि खरोखरच अभ्यास घेते. पुढच्या आठवड्यात परीक्षा सुरू.

निदान या पत्रातल्या चुका तरी सुधारून पाठव.

मृण्मयी


पुणे,
१० मे

चि. मृणू,

मी रागावलेले नाही. मला तोंड दाखवायला जागा नव्हती, म्हणून गप्प होते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं मी किती जणांना म्हटलं असेल आयुष्यात.

तुला एक सांगते. पेढे वाटत होते त्या दिवशी सगळ्यांनी तोंड भरून अभिनंदन केलं. एकट्या दिनकररावांनी, रेल्वेतून निवृत्त झालेल्या, पेढा तोंडात टाकता टाकता विचारलं, ‘जागा किती हो?’ मी म्हटलं, पुष्कळ. मृणू, अगं, हाच प्रश्न मी खिडकीपाशी आलेल्या प्रत्येक आई-बापाला पहिला विचारायचे. पोरगा कितवा आला ते नंतर सांगा, आधी सांगा जागा किती. आणि माझ्या स्वतःच्या भाचीच्या वेळी तो माझ्या मनातसुद्धा आला नाही. आनंद झाला की डोकं चालत नाही, तेवढंच खरं.

तुझं पत्र वाचून मी गेटवर गेले आणि दामोदरला म्हटलं, फ्लेक्स उतरव. तो म्हणाला, का? तिथे सातआठ जण उभे होते. मी सांगून टाकलं, जागा साडेपाचशेच आहेत. मग दिनकरराव हसले, मग सगळे हसले, आणि मलाही हसू आलं, रडण्यापेक्षा बरं. फ्लेक्स आता तुझ्या काकांच्या स्कूटरवर आच्छादन म्हणून घातलाय. सीटवर तुझा चेहरा येतो, १०४७ हँडलवर.

आणखी एक, जे मी आधीच लिहायला हवं होतं. त्या कॉफीवाल्या आजींचं तू लिहिलंस, त्याच आठवड्यात मी तुझ्या काकांच्या बीपीच्या गोळ्या चहाच्या डब्यात ठेवल्या. ते गोळी रोज विसरायचे, चारचा चहा कधी नाही. जानेवारीपासून एकही गोळी चुकलेली नाही. डॉक्टर म्हणाले, काय औषध बदललं? मी तुला डिप्लोमा डिप्लोमा म्हणून नावं ठेवत होते आणि घरात तुझंच वापरत होते.

आता युट्रेख्ट. कँटीनमध्ये भांडतात ना, मग झालं. प्रकाशचं मी बघते.

बारावीचा निकाल लागला. अनिमेष पास झाला, अठ्ठेचाळीस टक्के. शलाका अजून जिन्यानंच जाते. मला तिच्याकडे पेढे घेऊन जावंसं वाटलं, पण काय म्हणून न्यायचे तेच कळेना, आणि तिला वाटेल की मी चिडवतेय. नेले नाहीत.

अभ्यास कर. चुका पुढच्या वेळी सुधारीन, आज दिसत नाहीत नीट.

आत्या


उइटहॉर्न,
१२ जून

प्रिय आत्या,

पास!!!

शाळेतून फोन आला तेव्हा मी जिन्यावर बसले होते, आई वरच्या पायरीवर, बाबा खालच्या. गणितात साडेपाच, म्हणजे पूर्णांकात सहा. सर म्हणाले, मृण्मयी, हा सहा मी आजवर पाहिलेला सगळ्यात कष्टाचा सहा आहे.

बाबा वर गेले. गुढीची काठी काढली, ती मोठी, मार्चमध्ये आणलेली. माझं दप्तर तिला बांधलं. रीयाबाईंनी पळत जाऊन त्यांचा झेंडा आणून दिला. मग खाली उभं राहून त्या बराच वेळ वर बघत होत्या आणि काळजीनं म्हणाल्या, ‘पण तांब्या कुठाय?’ तेव्हा आईनं तांब्याही चढवला. आत्ता आमच्या घरावर झेंडा, दप्तर आणि तांब्या आहे. सायकलवरून जाणारे घंटी वाजवतात.

बाबांनी त्याचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांच्या ग्रुपवर, आत्या. खाली लिहिलं, ‘मृण्मयी पास झाली. युट्रेख्टच्या होखेस्खोलमध्ये कॉम्प्युटर शिकणार आहे.’ जोशीकाकांनी विचारलं, किती पडले? बाबांनी लिहिलं, ‘दप्तर बरंच जड होतं.’ तू त्यांना काय सांगितलंस ते मला माहीत नाही. मी विचारणारही नाही.

फोटो पाठवतेय.

तुझीच,
मृणू


पुणे,
१७ जून

चि. मृणू,

फोटो पाहिला. तुझ्या काकांनी फोन डोळ्यांशी धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, तांब्या तिरका बसलाय. ते खूश आहेत.

मला काही राहवलं नाही. तुम्ही हॉलंडला गेलात तेव्हा तुझं बालवाडीचं दप्तर माझ्याकडे माळ्यावर राहिलं होतं, बदकाचं चित्र असलेलं. ते खाली काढलं, झटकलं, आणि गुढीची काठी गॅलरीत लावून तिला बांधलं. जूनमध्ये गुढी! दामोदर खालून ओरडला, मेधाताई, आता हे काय? मी तुमच्या तिकडची पद्धत सांगितली. संध्याकाळपर्यंत सगळ्या सोसायटीला कळलं. पुन्हा तेच प्रश्न. कितवी आली? मी म्हटलं, नंबर नाही. टक्के? म्हटलं, तेही नाही. पास झाली. दिनकररावांनी तोंड उघडलं, तेव्हा मीच म्हटलं, जागा विचारायच्या नाहीत.

आज सकाळी दूध आणायला खाली उतरले. वर पाहिलं तर बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर, फरशी पुसायच्या काठीला, एक काळी सॅक लटकत होती.

मी तशीच चितळ्यांकडे गेले. परत आले तर शलाका लिफ्टपाशी उभी. मी काहीही विचारलं नाही, शप्पथ. आम्ही दोघी आत गेलो, तिनं तीनचं बटण दाबलं, आणि दार लागता लागता तीच म्हणाली, ‘मेधाताई, आमचा अनिमेष पास झाला हो.’ मी पुडा तिच्या हातात दिला.

तुझी आत्या